पलीकडच्या आळीतलं जेवण

दत्ता गेला त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. गळ्यात तुळशीची माळ होती आणि तोंडात शिव्या. इतकी वर्षं तुझ्यापुढे टाळ कुटले ते यासाठीच का, असं मी विठोबाला तोंडावर विचारलं. मार्केट यार्डामागच्या आमच्या वस्तीत मिरवणुकीवरून बाचाबाची झाली, दोन्हीकडून दगड आले, आणि कामावरून घरी येणाऱ्या माझ्या एकुलत्या एका पोराच्या, दत्ताच्या, कानशिलात एक बसला. तो कुणी मारला ते आजतागायत कळलेलं नाही.

फार पूर्वी एकदा असंच पेटलं होतं. त्यानंतर मंदिराच्या भजनी मंडळानं आणि मशिदीच्या जमातीनं मिळून एक रीत पाडली. कुणाच्याही घरी मयत झाली की त्या दिवशीचं पहिलं जेवण, आमच्यात ज्याला कडू घास म्हणतात ते, पलीकडच्या आळीनं रांधायचं. आम्ही माळकरी, म्हणून मंदिराची वेगळी पातेली मशिदीत ठेवलेली असत. वशाटाला ती कधी लागली नाहीत. मी स्वतः त्यांच्या कितीतरी घरी पिठलं-भाकरी नेलीय. दुसऱ्याच्या दारात भाकरी नेणं सोपं असतं हो.

त्या दिवशी माणसं स्मशानातून परतली आणि दत्ताचे मित्र काठ्या घेऊन बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांच्या हातचं अन्न या घरात येणार नाही, असं त्यांनी बजावलं. पातेलं परत गेलं असतं तर पुढं काय झालं असतं, ते सगळ्यांनाच दिसत होतं. मंडळाचे बुवा माझ्याजवळ येऊन बसले. उपदेशाचा एक शब्द काढला असता तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. ते एवढंच म्हणाले, "अक्का, शमीमबी पातेलं घेऊन उभी आहे. पोरं तुमच्या शब्दासाठी थांबलीत. तुम्ही नको म्हणालात तर जमातीची माणसं मुकाट्यानं परत जातील."

शमीमबी यार्डात माझ्या शेजारी बसून लिंबं विकायची. रोज एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. तरी माझ्या जिभेवर 'नको'च आलं होतं. खोटं कशाला बोलू, वस्ती पेटली तर पेटू दे, असंच वाटत होतं. पण तो शब्द काही बाहेर पडेना. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, विठोबा, मला हे झेपत नाही, तूच बघ बाबा.

ना मला आवाज ऐकू आला, ना काही दिसलं. मला भूक लागली. दत्ताला दवाखान्यात नेल्यापासून पोटात पाणीसुद्धा ठरलं नव्हतं, आणि आता त्याची राखही निवली नव्हती तोवर ही भूक! आतडी नुसती पिळवटत होती. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. ही काही माझी भूक नव्हे, एवढं मात्र मनोमन पटलं. भिंतीला धरून उठले, बोळाच्या तोंडाशी गेले आणि पोरांना म्हटलं, "सरका रे. मला जेवायचंय."

पोरं सरकली. शमीमबीच्या हातात पातेलं हिंदकळत होतं, म्हणून दुसऱ्या बाजूनं मी धरलं. घरात आणल्यावर तिनं भाकरी कुस्करून पिठल्यात कालवली आणि मला भरवली. मीठ घालायचंच राहिलं, हाताला काही कळेना, असं म्हणून ती रडायला लागली. खरंच राहिलं होतं. मी तसंच खाल्लं. बाहेर पोरांनी काठ्या भिंतीला टेकवल्या आणि बुवांनी त्यांच्यापुढे पत्रावळी मांडल्या.

लोक म्हणतात, अक्कानं वस्ती वाचवली. मी कसली वाचवते! मंडळानं आणि जमातीनं जेवण बोळापर्यंत आणलं, पुढचं विठोबानं केलं. माझा दत्ता त्यानं परत दिला नाही. त्याबद्दलचं माझं त्याच्याशी भांडण मरेपर्यंत राहील. पण त्या दुपारी, मी हात टेकले तेव्हा, त्यानं मला भूक दिली. त्यासाठी मी रोज जेवणाआधी हात जोडते, आणि मग माझं एकटीचं ताट वाढून घेते.