ते आत्ताच बाहेर गेले

दिवाळं काढायलाही अक्कल लागते. माझं दिवाळं निघालं तेव्हा कळलं, की तेवढीही आपल्याकडे नाही.

मी चष्मे करतो. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची. माझे वडीलही हेच करायचे, एका खोलीत, एका टेबलावर, आणि कुणाचं देणं न ठेवता गेले. मला मात्र अंथरूण पाहून पाय पसरायचं वावडं. मी चारही भिंतींना आरसे लावून दुसरं दुकान थाटलं. तिथे जिकडे बघावं तिकडे मीच दिसायचो, गिऱ्हाईक काही दिसेना. शेवटी कोर्टानं मला रीतसर नादार ठरवलं आणि माझ्या वस्तू विकून देणी भागवायला एक रिसीव्हर नेमला.

त्या भल्या गृहस्थानं लिलावाच्या यादीत भिंगं घासायचं यंत्रही घातलं. ते माझं नव्हतंच. बायको दवाखान्यात नर्स आहे. तिनं स्वतःच्या पगारातून ते घेतलं होतं, पावतीही तिच्याच नावाची. म्हणून तिनं दावा लावला, की यंत्र माझं आहे, लिलावातून वगळा. ते गेलं असतं तर माझ्याकडे फक्त तोंड उरलं असतं, आणि त्याला बाजारात कधीच भाव नव्हता.

तिला ड्यूटी सोडून येता येईना, म्हणून तिनं मला मुखत्यारपत्र दिलं. ही तिची एकमेव चूक. तारखेच्या दिवशी वकील म्हणाले, "माझं वरच्या मजल्यावर दुसरं काम आहे. पुकारा झाला की 'हजर' म्हणायचं आणि मला फोन लावायचा. एवढं जमेल ना?"

मला रागच आला. हा प्रश्न झाला?

आता मागची दोन वर्षं मी कशी काढली ते सांगायला हवं. एरवी मला सगळे 'चष्मेवाले' म्हणतात. वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव फक्त वसुलीवाले घ्यायचे. ते दारातून कानावर आलं, की मी शोकेसमधला काळा चष्मा डोळ्यांवर चढवायचो आणि आवाज बदलून म्हणायचो, "ते आत्ताच बाहेर गेले." पुढेपुढे तर चष्मा शोधायचीही गरज उरली नाही, वाक्य आपोआप यायचं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर मी पेपर वाचत बसलो होतो. शिपाई दारात आला आणि त्यानं आधी बायकोचं नाव पुकारलं, मग 'मुखत्यार' म्हणून माझं, वडिलांच्या नावासकट. बायकोचं नाव कानांवरून गेलं. माझं मात्र नेमकं कानात शिरलं. मी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

शिपाई माझ्यासमोरच थांबला. "तुम्हीच का हो?"

"छे! ते आत्ताच बाहेर गेले."

त्यानं आणखी दोनदा आरोळी दिली आणि तो आत गेला. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून मी पाय लांब केले. थोड्या वेळानं वकील धापा टाकत खाली आले. "पुकारा झाला?"

"नाही अजून. मध्ये एक वसुलीवाला येऊन गेला. घालवला त्याला."

वकील आत जाऊन आले आणि माझ्या शेजारी मटकन बसले. दावा गैरहजेरीत काढून टाकला होता. यंत्राचा लिलाव आता कधीही होऊ शकत होता.

संध्याकाळी वकिलांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "दावा पुन्हा उभा करता येतो. मुदतीत अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. गैरहजेरीला पुरेसं कारण होतं हे दाखवायचं. समोरच्यांना नोटीस जाईल, ते विरोध करतील. कोर्टाला पटलं तर दावा परत फाइलवर येईल."

"कारण काय लिहायचं?" मी विचारलं.

"ताप. बाई दवाखान्यातच आहेत, सर्टिफिकेट मिळेल."

"मिळणार नाही," बायको म्हणाली. "दोन वर्षं दारात उभी राहून ह्यांच्यापायी खोटं बोलले, तेवढं पुरे झालं. जे झालं तेच लिहा."

"बाई, असं कारण आजवर कुणी दिलेलं नाही."

"असा नवरा तरी आजवर कुणाला मिळालाय?"

तेव्हा मी शपथेवर लिहून दिलं, की मी कोर्टात हजर होतो आणि मी हजर नाही असं मीच सांगितलं.

सुनावणीला बायको रजा काढून आली. विरोधाला फ्रेमांचा घाऊक व्यापारी उभा राहिला. सगळ्यांत मोठी थकबाकी त्याची.

"साहेब, हा माणूस पक्का थापाड्या आहे! मी दुकानात गेलो की काळा चष्मा लावून मलाच सांगतो, मालक बाहेर गेलेत. एकदा नाही, दर वेळी! नाव घेतलं की लगेच सुरू!"

न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. "म्हणजे पूर्ण नाव ऐकलं की 'तो मी नव्हेच' म्हणायची ह्यांना सवय आहे, असं तुमचं म्हणणं?"

"शंभर टक्के!"

"मग अर्जातलं कारण खरं दिसतंय."

व्यापाऱ्याच्या वकिलानं कोट ओढून त्याला खाली बसवलं. दावा परत फाइलवर आला, निकालापर्यंत यंत्राचा लिलाव थांबला. माझ्या खोटेपणाची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. मात्र विरोधकांचा खर्च आम्ही द्यायचा असा हुकूम झाला, आणि तो बायकोनं भरला. ती पर्स उघडत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. खरंच लाज वाटली.

बाहेर आल्यावर ती जिन्याजवळ थांबली. आता आपली खैर नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

"निकाल माझ्या बाजूनं लागला, तर यंत्र चालवायला माणूस लागेल," ती म्हणाली. "पगारावर. येता का?"

"येतो," मी म्हणालो.

"आधी कुठे होतात कामाला?"

"होतो एकाकडे. मालक फार वाईट निघाला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी संसार केलाय त्याच्याशी."