पित्त म्हणून सांगितलेलं दुखणं

रविवारी डोकं उठलं की मला जास्त राग येतो. आठवडाभर कंपनीत नऊ-नऊ तास स्क्रीनपुढे बसले, तेव्हा काही झालं नाही. सुट्टीच्या दिवशी जरा उशिरापर्यंत झोपले तर डाव्या डोळ्यामागे ठोके सुरू. आधी जांभया येतात. मग नजरेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी चमकत राहतं. ते दिसलं की दिवस गेला असं समजायचं. उजेड नको, फोडणीचा वास नको, कुणी भांडं आपटलेलं नको. उलटी झाली की थोडं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी अंग असं रिकामं होतं की केस विंचरायचाही कंटाळा येतो.

घरी मी सांगायचे, पित्त झालंय. पित्ताला आमच्या भरे गावात कुणी नावं ठेवत नाही. डोकं दुखतं म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, हिंजवडीला टेस्टिंगच्या कामाला लागले. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि नीट नोंदवून ठेवायच्या, हे माझं काम. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दादाची मुलगी बारावी झाली, तिला पुढे शिकायचं होतं. दादा पिरंगुटच्या कारखान्यात मशीनवर असतो. माणूस वाईट नाही. पण एकदा उलटी करून मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा तो वहिनीला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं:

"बगितलंस? वाचून वाचून डोस्कं खराब झालंय हिचं. आता पोरीचं बी तेच करायचं का?"

"पित्त आहे रे दादा."

"दर आठ दिसाला पित्त? मी काय येडा हाय व्हय?"

त्या दिवसापासून माझं दुखणं माझ्या एकटीचं राहिलं नाही. मी महिन्यातून किती वेळा आडवी पडते, यावर भाचीचं कॉलेज ठरणार होतं.

बावधनच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या किती दिवसांपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत ते बजावलं, आणि एक कागद दिला. रोज भरायचा. झोप किती, जेवण कधी, चहा, ऊन, पाळी, स्क्रीन, आणि दुखलं का. मी भरला. फक्त स्क्रीनच्या रकान्यात रोज दोन तास लिहीत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, दादा तो कागद बघणारही नव्हता. पण शिक्षणावर ठपका येईल असं काही आपल्याच हातानं लिहायला मन धजेना.

महिन्यानं डॉक्टरांनी कागद पाहिला. "तुम्ही आयटीत ना? दोन तासांत घरी सोडतात? मलाही लावा की तिथे."

मी पर्समध्ये पेन शोधायला लागले.

"अहो, खोटं लिहिलंत तर मी औषध कुठल्या डोक्याला देऊ?"

लाज वाटली. दुसऱ्यांच्या चुका पकडायचा मी पगार घेते.

पुढचे दोन महिने खरं लिहिलं. कंटाळवाणं काम आहे ते. दुखून उठल्यावर हात चालत नाही आणि आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत बसायचं. हळूहळू दिसायला लागलं. डबा न उघडता परत आणला ते दिवस, चतुर्थीचा उपवास, पाळीच्या आधीचे दोन दिवस. संध्याकाळी कंपनीतून नेरे गावावरून स्कूटरवर घरी येताना उतरतं ऊन सरळ डोळ्यांत घेतलं, ते दिवस. नऊ तास स्क्रीनपुढे बसूनही न दुखलेले दिवस पुष्कळ होते. पण नऊ तास आणि त्यात पोट रिकामं, असं झालं की ठरलेलंच.

"एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन-तीन एकत्र जमली की उठतं. स्क्रीनही त्यातलं एक असू शकेल."

मला हे नको होतं. दादापुढे टाकायला स्वच्छ उत्तर हवं होतं.

"आईला होतं का असं?" त्यांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "आई आजारीच पडत नाही."

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. सहज विचारलं. तिनं हात थांबवला नाही.

"अर्दशिशी म्हंत्यात त्याला. लगीन व्हायच्या आदीपास्नं हुती मला. आता म्हातारपणी कमी झालीया."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"कुनाला सांगू? तुज्या आजीला? ती म्हनली आस्ती, भात लावनीच्या टायमालाच बरं दुकतंय."

"मग करायचीस काय?"

"फडकं आवळून बांदायचं नि चालू. लईच झालं तर गोठ्यात जाऊन बसायची, तितं अंदार आसायचा. तुमास्नी वाटायचं, आई म्हशीपाशी हाय."

इतके रकाने भरले, डॉक्टरांना ठणकावून 'छे' म्हटलं, आणि घरातल्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं.

दादा पहिल्या पाळीहून आला. मी काही सांगायच्या आत आईनंच त्याच्यापुढे चहा ठेवत विषय काढला.

"ए, शिकून न्हाई दुकत डोस्कं. मला एक अक्षर येत न्हाई, नि निम्मा जलम मी हेच काडलंय."

दादानं चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "म्हंजी घरातच हाय हे. मग पोरीला बी हुनार की."

भाची दारात उभी राहून ऐकत होती.

"हुईल, न्हाईतर न्हाई," आई म्हणाली. "झालं तर डाक्टरकडं जाईल. गोठ्यात तर बसनार न्हाई."

मग मीही सांगून टाकलं. "दादा, कॉम्प्युटरचाही थोडा हात असेल म्हणाल्या डॉक्टर. पण जेवण चुकलं की जास्त होतं."

"मग जेव की येळंवर. शिकलेली न्हवं तू?" असं म्हणून त्यानं चहा संपवला. उठताना मुलीकडे न बघता म्हणाला, "फारम कवा भरायचाय ते सांग. रजा टाकाया लागंल."

तो तिला कॉलेजात घेऊन गेला त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच उठलं होतं. झोप पुरेशी झाली होती, नाश्ता केला होता, उपवास नव्हता, ऊनही नव्हतं. कागदात शोधून काही सापडलं नसतं. वहिनीनं खिडकीवर चादर टाकली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारी भाची आली. अगदी हळू म्हणाली, "आत्या, झाली ॲडमिशन."

डोळे उघडवेनात. "कोणत्या विषयाला?"

"केमिस्ट्रीला."

"बरं केलंस," मी म्हटलं. "उद्या सांग सगळं. आता दार ओढून घे."