सासऱ्याच्या नावाचा कॉम्प्युटर

मल्लिनाथकाका बोलत नसत, ओरडत. सोलापुरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि सकाळी त्यांच्या आवाजानेच मला जाग यायची. बहुतेक वेळा ते कॉम्प्युटरवर ओरडत असायचे. भंगारात निघालेले जुने कॉम्प्युटर आणायचे, त्यांवर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घालायची आणि घरभर वायरी ओढून ते एकमेकांना जोडायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्या वायरींना अडखळून मी कितीदा पडलो असेन!

घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नाव होतं. राउटर प्रत्येकाला एक नंबर देतो, पण वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. नाव टाकलं तर मात्र कॉम्प्युटर एकमेकांना विचारून बरोबर जागी पोचतात, अशी सोय काकांनी करून ठेवली होती. "नंबर कैद्याला असतो. हे घर हाय का जेल हाय?" असं दरडावून सांगायचे. मी शाळेत शिकवायचो, म्हणून माझ्या कॉम्प्युटरचं नाव त्यांनी मला न विचारताच 'मास्तर' ठेवलं. आणि सगळ्यांच्या फायली ज्यात राहत, त्या बिनपडद्याच्या मुख्य डब्याला स्वतःचंच नाव, 'मल्लिनाथ'! एवढा तोरा.

त्यांची सून महादेवी ब्लाउजवरच्या भरतकामाची डिझाइनं करायची. तिची सगळी मेहनत त्या डब्यात. पण सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, ही त्या घरची रीत. टाइप करायलाही तिचा हात धजेना. ती गुपचूप नंबर टाकून भागवायची.

एकदा काका लग्नाला वळसंगला गेले आणि इकडे वीज गेली. परत आली तेव्हा नंबर बदललेला. पुण्याच्या एका दुकानाला दुपारपर्यंत नमुने पाठवायचे होते आणि डबा काही उघडेना. मी शाळेतून आलो तेव्हा ती जिन्यात बसून रडत होती. दुकानाने काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

काका परतले आणि काही न विचारता तिच्यावरच गरजले, "नाव टाकायला हात मोडले व्हते काय?"

माझं टाळकंच सरकलं. मी काही बोलणार, तोच काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुमचं नाव मी तरी कधी घेतलंय व्हय? रीत तुमच्याच घरची. मग त्या डबड्याला तुमचं नाव ठिवलं कुणी?"

काका रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्याचं नाव 'महादेवी' झालेलं होतं. माफी मात्र त्यांनी मागितली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही. पुढे फाईल हवी असली की ते चरफडत सुनेचं नाव टाइप करायचे.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा, महादेवीचा नवरा, मला म्हणाला, "मास्तर, त्या डब्याला परत अप्पांचं नाव द्या की. आठवण ऱ्हाईल."

बायकोला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. बापाचाच मुलगा! मी संतापून तोंड उघडलं, पण महादेवीने मला बोलूच दिलं नाही. चार पाहुण्यांसमोर, नवऱ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "अप्पांनीच बदललंय ते. आता कुणी हात लावायचा न्हाय. माझं काम हाय त्यात."