भरावावरचे पांढरे दगड

ती घटना आजही डोक्यातून गेलेली नाही, आणि ती सांगायची तर आधी रस्त्याची रुंदी सांगावी लागते. राजूरकडे जाणारा डांबरी पट्टा तेव्हा जेमतेम एका ट्रकपुरता होता. दोन्ही बाजूंना मुरमाची कड, कुठे दोन हात, कुठे तीही वाहून गेलेली. खाणीतून कोळशाचे ट्रक निघत आणि पाळी सुटली की कामगारांच्या सायकली. ट्रकवाले म्हणत, हे मुद्दाम मधून चालतात. सायकलवाले म्हणत, हा हॉर्न जागा मागायला नाही, शिवी द्यायला वाजवतो. क्लीनर दरवाजाबाहेर लटकून पत्र्यावर थापा मारी. नवखा माणूस तेवढ्यानेच सायकलसकट खाली जाई. मग कोणीतरी चढावर बाभळीचे काटे पसरून ठेवी. ठाण्यात दोन्हीकडच्या तक्रारी येत आणि दोघांनाही दम देऊन घालवलं जाई.

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. मी हवालदार होते. जिल्ह्यात महिला पोलीस मोजक्याच होत्या, त्यामुळे एखाद्या बाईचा जबाब घ्यायचा असला की दुसऱ्या ठाण्याचंही बोलावणं येई. तसंच ते आलं.

नाल्याच्या पुलाजवळ उंच भरावावरून कोळशाचा ट्रक उलटला होता. ड्रायव्हर जागीच मेला, क्लीनरचा पाय मोडला. मोटार निरीक्षकाने ब्रेक, स्टिअरिंग तपासलं, दोष नव्हता. पंचनाम्यात मात्र वेगळंच निघालं. डाव्या बाजूला पक्की दिसणारी मुरमाची कड खरी कड नव्हतीच. वर चार बोटं मुरूम, खाली नुसती राख. आणि त्या राखेच्या बाहेरच्या अंगाला चुन्याने रंगवलेल्या दगडांची ओळ, सरकारी रस्त्यावर असते तशी. चाक तिथे उतरलं की गाडी नाल्यात.

दुसऱ्याच दिवशी फाट्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. आठवड्यापूर्वी एक खाणकामगार चुन्याची बादली घेऊन तिथे बसलेला त्याने पाहिला होता. ह्याच कामगाराचा धाकटा भाऊ दोन महिन्यांआधी त्याच जागी सायकलवरून पडून ट्रकखाली गेला होता. ट्रक हाच, ड्रायव्हर हाच. तेव्हा कागदावर 'स्वतःच्या चुकीने पडून' असं लिहून प्रकरण मिटलं होतं. मयताच्या दिवशी हा थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ह्या टरकवाल्याले मी पाहून घेईन." चहावाल्याने वर आपलं मतही जोडलं, "बौद्ध झाल्यापासून ते लोक कोणाचं ऐकून नाई राह्यले, साहेब." जबाबात त्याचं मत लिहायचं कारण नव्हतं. तरी ते लिहिलेलं मी वाचलं.

भावाला अटक झाली. तो एकच सांगे, "दगड म्या लावले. राखही म्याच टाकली. एकटाच होतो." का, विचारलं की गप्प. फौजदारसाहेब खुशीत होते. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्याच्या बायकोने दुजोरा दिला तर सापळा रचून केलेला खून उभा राहत होता, म्हणून तिचा जबाब मला घ्यायचा होता. कलम तीनशे दोन.

मी आधी जागेवर गेले. राखेचा पट्टा चालून मोजला. चाळीस पावलं लांब, दोन हात रुंद, मधे कमरेइतका खोल. मग खाणीतलं हजेरीचं पुस्तक मागवलं. गडी एकही पाळी चुकला नव्हता. एवढी राख एकट्याने केव्हा वाहिली?

वस्ती खाणीच्या मागेच होती. त्याची बायको पंचविशीची, काटक. मी अंगणात बसले तशी आजूबाजूच्या बाया जमल्या.

"मले काई मालूम नाई, बाई," ती म्हणाली.

दाराशी खुंटीला चुंबळ अडकवली होती. डोक्यावर ओझं घ्यायला बाया फडक्याची गुंडाळी करतात ती. मी ती काढून झटकली. राखाडी धूळ आणि जळक्या कोळशाचे बारीक खडे हातावर पडले.

"ही कोणाची?"

"माही. भांडे घासाले राख आनतो."

"भांडी घासायला टोपलीभर राख डोक्यावरून आणतेस? घरात भांडी किती?"

मागे एक म्हातारी खुदकन हसली. "पोलिसीन झाली तरी बाईच हाय वो. चुंबळ वळखते!"

"तू चूप वो बुढे," कोणीतरी तिला दटावलं. मग कोणीच हसेना.

मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि तिला सरळ सांगितलं, "तुझ्या नवऱ्यावर खुनाचा गुन्हा लागतो आहे. फाशी नाहीतर जन्मठेप. खरं सांगितलंस तर तो सुटेल."

"अन् राखेचं?"

"राखेचं काय?"

"खानीची हाय ना ते. दोन ढेकलं कोयसा नेला म्हून एका बाईले कामावरून काढलं. राखेपाई आमाले सगळ्यायले काढतीन. म्हून हे बोलून नाई राह्यले."

मला तेव्हा कळलं. माणूस फासाच्या दिशेने चालला होता, कारण त्याला वाटत होतं की तोंड उघडलं तर वस्तीतल्या बायांची मजुरी जाईल. अशी चूक शिकलेला माणूस करणार नाही. पण त्याने मजुरी जाताना पाहिली होती, फाशी पाहिली नव्हती.

मग ती थांबली नाही. "माहा देवर तिथंच मेला. कड वाहून गेलती, बिचाऱ्यानं उतराव कुठं? पाळी सुटली का दिवसाले चाळीस सायकली जातेत तिकून. आमी बायायनं ठरवलं, खानीच्या बाइलरची राख पडूनच हाय, भरून टाकू. चार दिवस वाहिली. यायनं, माह्या मानसानं, फकस्त गोटे लावले, चुना मारला. सायकलवाल्याले कड दिसाव म्हून."

"ट्रक त्याच्यावर चढला तर काय होईल, याचा विचार केला नाहीत?"

तिने माझ्याकडे मीच खुळी असल्यासारखं पाहिलं.

"टरक कायले उतरन, बाई? सायकलवाल्यासाठी टरक कधी डांबर सोडून उतरला हाय का?"

मी तिथून दवाखान्यात गेले. क्लीनर चाळिशीचा, वर्षानुवर्षं त्याच ड्रायव्हरबरोबर. पहिल्या जबाबात त्याला फक्त 'गाडी कशी उलटली' एवढंच विचारलं होतं. मी विचारलं, समोरून गाडी येत नव्हती, मग डांबर सोडलं कशाला?

"समोर सायकलवाला होता, मधातून चालला होता. उस्तादनं एक शिवी देली अन् गाडी खाली घेतली."

"नेहमी घ्यायचा?"

"नाई. ते पोरगं मेलं तवापासून घ्याले लागला. मले बी पत्रा वाजवू देत नव्हता." तो छताकडे बघत राहिला. "मी म्हनलं, उस्ताद, इथं कड नाई. तो म्हने, पांढरे गोटे दिसून नाई राह्यले का, सरकारनं बांधली."

मी दोन्ही जबाब लिहून घेतले, स्टेशन डायरीत नोंद केली आणि कागद फौजदारसाहेबांपुढे ठेवले. खुनाचं कलम गेलं. भाऊ सुटला.

पण माणूस मेला होता आणि रस्ता कोणीतरी बिघडवला होता. नुसते दगड रंगवणं फौजदारसाहेबांनी गुन्हा धरला नाही; निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लागला तो राख टाकणारीवर, तिच्यावर. बाकीच्या बायांची नावं तिने शेवटपर्यंत सांगितली नाहीत. कोर्टात ती जसं घडलं तसं बोलली. वकील लावला असता तर त्याने तिला गप्प बसवलं असतं. तिला सक्तमजुरी झाली. खाणीने राखेबद्दल चकार शब्द काढला नाही. ती राख त्यांना नकोच होती.

निकालाच्या दिवशी तिचा नवरा कोर्टाच्या आवारात मला भेटला. आवाज चढवला नाही.

"बाई, तुमी तिले काय सांगतलं होतं?"

"खरं सांगितलं तर नवरा सुटेल."

"मी सुटलो," तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. अर्धंच सांगितलं होतं, आणि ते अर्धं आहे हे सांगताना मला ठाऊक होतं. आमच्या कामात ह्याला कसब म्हणतात, मलाही त्या तपासाबद्दल शाबासकी मिळाली. राखेचा पट्टा खणून काढला, दगड उचलले. कड पूर्वीसारखी तुटकी राहिली आणि सायकली परत डांबरावर, ट्रकच्या पुढे आल्या.

त्यानंतर फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी एक पद्धत पाळली. जबाब घेण्याआधी समोरच्याला सांगे, हे बोललास तर तुझ्यावर काय येईल ते असं असं आहे. ते ऐकून बरेच जण गप्प बसले. त्यामुळे माझ्या हातची काही प्रकरणं उघडकीला आली नाहीत आणि वरिष्ठांनी माझ्या शेऱ्यात 'चौकशीत कमी पडतात' असं लिहिलं. तो शेरा मी कधी खोडून मागितला नाही.