शेवटची ओळ कोणाची

पनवेलच्या सॅमसनसमोर गाण्याच्या शेवटाचा विषय काढू नये. काढलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. जन्मभर बँकेत नोकरी केली, तीही चोख, पण जीव सगळा ऑर्केस्ट्रात. गणपतीत, लग्नांत, शिरढोणपासून उरणपर्यंत त्याचा कीबोर्ड वाजला. "सुरुवात काय, कुणीही करतं," तो म्हणायचा, "गाणं संपवता आलं पाहिजे!" आवाज बारीक बारीक करत संपणाऱ्या गाण्यांवर तर त्याचा भारी राग. गायक गाता गाता रिक्षात बसून निघून गेला, असं वाटतं म्हणे. त्याला शेवट हवा दणक्यात. शेवटची ओळ तीनदा, तिसऱ्या वेळी सगळी वाद्यं गप्प, एकटा आवाज वर चढलेला, आणि मग सगळे मिळून धाडकन समेवर. ऐकणारे टाळीसाठी हात आधीच वर धरून बसत.

हाच शेवट त्याने मलिद्याच्या गाण्यालाही चिकटवला होता. मलिदा म्हणजे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, घरांतला आभाराचा विधी. गोड पोह्यांचं ताट, वर फळं, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याची आठवण, आणि या घरात वाडवडिलांपासून चालत आलेलं एक मराठी गाणं. ते पूर्वी सॅमसनचे वडील म्हणत. शेवटच्या ओळीपाशी आले की ते गप्प बसत, आणि 'ये आमुच्या दारी, दिवा आहे लावला' ही ओळ मागे बसलेली माणसं म्हणत. त्यात बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा. पुढे घरंच्या घरं इस्रायलला गेली आणि मागून येणारी ओळ बारीक होत गेली. वडिलांच्या पश्चात सॅमसन गायला लागला तेव्हा तर दोन-चार म्हातारे आवाज उरले होते, तेही एक पुढे, एक मागे. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला हे सोसणार कसं? लाज वाटली हो त्याला. मग ती ओळही तो स्वतःच म्हणू लागला, आपल्या पद्धतीने, तीनदा. लोक म्हणाले, वा सॅमसन! झालं, तोच रिवाज पडला.

यंदा त्याच्या शमुएलकाकांची नात एफ्रात पनवेलला आली. शमुएलकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तरुणपणीच इस्रायलला गेलेले, आता अंथरुणाला खिळलेले. "आजोबांना ते गाणं पाहिजे," एफ्रात तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली. "पनवेलचं. ते रोज विचारतात."

सॅमसनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खांदा कॉलनीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्याने मलिदा ठेवला, इस्त्रीचा झब्बा घातला, कीबोर्ड पुसून ठेवला. गावात उरलेली नात्यागोत्यातली माणसं आली. त्याच्या आईची मावसबहीण, बेलामावशी, सगळ्यांत म्हातारी. ती मागच्या खुर्चीत बसली. सॅमसन गायला, आणि शेवट असा काही ठोकला की शूटिंग करता करता एफ्रातच्या तोंडून "वा काका!" निघून गेलं.

तिने व्हिडिओ लगेच तिकडे पाठवला. पोहे खाऊन होतात न होतात तोच शमुएलकाकांचा फोन आला. सॅमसन कौतुक ऐकायला ताठ बसला.

"गळा थेट दादाचा रे," काका म्हणाले. "पण सॅमसन, शेवटी मागचं कुणीच गात नाही. तिकडे कुणी उरलंच नाही का आता?"

"आहेत ना काका... आहेत सगळे," सॅमसन कसंबसं म्हणाला.

फोन ठेवला आणि त्याने एफ्रातकडून व्हिडिओ मागून घेतला. शेवट पुन्हा लावला. या खेपेला स्वतःला सोडून त्याने मागे बघितलं. कोपऱ्यात बेलामावशी दिसत होती. शेवटची ओळ आली तशी तिने पदर सावरला, श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात सॅमसनचा आवाज घुसला. तिने तोंड मिटलं. दुसऱ्या वेळी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्या वेळी तिने नुसते ओठ हलवले.

सॅमसनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे दरवेळी? इतकी वर्षं ही बाई दरवेळी श्वास भरून बसते, आणि आपण? ऑर्केस्ट्रात कुणी दुसऱ्याच्या ओळीत शिरलं तर हाच सॅमसन सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढायचा. धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्याला, पण तिसऱ्या मजल्यावर धरणी आणायची कुठून!

"एफ्रात, परत घे," तो म्हणाला. "मघाचं नीट झालं नाही."

"अरे, छान झालं की!" सगळे म्हणाले. त्याने ऐकलं नाही. कीबोर्ड बंद केला आणि नुसत्या गळ्याने गायला. शेवटच्या ओळीपाशी आला आणि वडिलांसारखा गप्प बसला.

सगळे त्याच्याकडे बघतायत. बेलामावशीही त्याच्याकडेच बघतेय, काळजीने.

"काय रे सॅमसन," ती म्हणाली, "विसरलास होय पुढचं?"

कुणीतरी खुदकन हसलं. एफ्रातचा फोन चालूच होता. मावशी, ती ओळ तुम्हा मागच्यांची होती, मी बळकावली, एवढंच सांगायचं होतं. पण एवढ्या माणसांत तेवढी हिंमत नव्हती त्याच्यात.

"हो मावशी," तो खाली बघत म्हणाला. "विसरलो. तू म्हण ना."

"अगं बाई!" म्हणत मावशी खुर्चीत पुढे सरकली, आणि थरथरत्या, जरा बेसूर आवाजात तिने ओळ उचलली. 'ये आमुच्या दारी...' मग आणखी दोघं-तिघं मिळाले, एक पुढे, एक मागे. सॅमसनने मान वर केली नाही.

निघताना मावशीने त्याच्या गालावरून हात फिरवला. "मनाला लावून घेऊ नकोस हो," ती म्हणाली. "वय झालं की होतं असं. पुढच्या वेळी अडलास, तर मी आहेच मागे."