निळ्या फियाटच्या टपावरचा पोचा

आमच्या गंगाधर भावोजींना खरं बोलायचा आजार होता. आजारच म्हणते मी, कारण त्यातून ते कधी उठले नाहीत. माझ्या रघूचे हे थोरले भाऊ. लालबागच्या चाळीत आम्ही तिघं एका खोलीत राहायचो आणि त्यांची बायको गावी शेती बघायची. भावोजी गिरणीत हजेरी कारकून होते. वरच्या साहेबाच्या मेहुण्याची खोटी हजेरी मांडायला नाही म्हणाले आणि घरी बसले. मग त्यांनी विम्याची एजन्सी धरली, आणि तीही मोटारींची. टॅक्सीवाले सोडले तर लालबागात मोटार होती कुणाकडे? रघू कपाळाला हात लावायचा.

पण छप्पन साली गिऱ्हाईक आलं ते थेट स्वित्झर्लंडहून. परळच्या एका गिरणीत कापड रंगवायचं खातं सुधारायला ब्रुनर नावाचा साहेब आला होता. त्यानं निळी फियाट घेतली. फोर्टातले दोन सुटाबुटातले एजंट आधीच त्याच्याकडे जाऊन आले होते. आमचे भावोजी धोतर-कोटात गेले. त्या दोघांनी नुसता हप्ता सांगितला होता. भावोजींनी साहेबाचे सगळे जुने कागद मागितले. त्यात त्याच्या देशातल्या विमा कंपनीचं एक जर्मन पत्र निघालं. या गृहस्थानं सात वर्षांत एकदाही भरपाई मागितलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं. भावोजींनी ते गिरगावातल्या एका प्रोफेसरांकडून इंग्रजीत करून घेतलं, कंपनीत पाच खेपा घातल्या आणि साहेबाला हप्त्यात सूट मिळवून दिली. वर बजावलं की परदेशी लायसनची मुदत संपायच्या आत इथलं काढा, नाहीतर पॉलिसी असून नसल्यासारखी. साहेब खूश झाला. भावोजी घरी जिलबी घेऊन आले आणि रघूनं पहिल्यांदा कपाळावरचा हात काढला.

एकच गोष्ट उरली होती. दंगलीत गाडी फुटली तर भरपाई हवी असेल, तर त्या कलमाचा हप्ता वेगळा होता. आणि दिवस कसले, तर संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, रोज मोर्चा, गोळीबारात माणसं गेलेली. भावोजी स्वतः समितीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. साहेबानं विचारलं, हे कलम घेऊ की नको? तेव्हा आमचे भावोजी आयुष्यात पहिल्यांदा कागद न बघता बोलले.

"साहेब, आमची माणसं मुंबई मागतायत. गाड्या फोडत नाहीत."

ते कलम त्यांनी आपल्या हातानं खोडलं. कंपनीतला हेडक्लार्क हसला म्हणे. आम्ही चाळीत मात्र टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

महिन्याभरातच आमचा मोठा मोर्चा निघाला. काय गर्दी होती! बायका पुढे, माझ्या शेजारी चंपा मासळीवाली, रिकामी पाटी काखेत मारून घोषणा देत होती. भावोजी फलक धरून दहा पावलं पुढे. आणि बाजूच्या गल्लीतून ती निळी फियाट नेमकी आमच्या मध्येच शिरली. आत ब्रुनर साहेब, लालबुंद. गाडीत मालकाचा माणूस आहे, असं कुणीतरी ओरडलं. पत्र्यावर दोन काठ्या पडल्या. एकानं चांगला नारळाएवढा दगड उचलला.

मी भावोजींचं तोंड बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं, आणि मला लख्ख कळलं की यांना ते खोडलेलं कलम आठवलंय. गाडी फुटली असती तर साहेबाला पैसा मिळाला नसता, आणि तो यांच्या शब्दावर विसंबला होता. भावोजींनी फलक टाकला आणि धावत जाऊन बॉनेटवर आडवे झाले. रघूनं दगडवाल्याचं मनगट पकडलं. चंपानं तर सरळ दार उघडलं, मांडीवर पाटी घेऊन साहेबाशेजारी बसली आणि काचेतून सगळ्यांकडे अशी बघायला लागली की काठ्या आपोआप खाली आल्या. मी गाडीपुढे चालत घोषणा द्यायला लागले. साहेब घाबरून भोंगा वाजवायचा, त्यावर लोक आणखी मोठ्यानं ओरडायचे. अशी ती गाडी आमच्या मोर्चातून हिंदमाता थिएटरपर्यंत गेली. एवढी मजा मला लग्नातही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब चॉकलेटचा डबा घेऊन चाळीत आला. सगळ्यांसमोर भावोजींचा हात हातात घेऊन म्हणाला की तुमचंच खरं होतं, तुमची माणसं गाड्या वाचवतात, मला ते कलम नको. आमची सगळ्यांची छाती फुगली. भावोजींची फुगली नाही.

"गाडी माझ्या माणसांनी वाचवली, साहेब. पण दगडही माझ्याच माणसानं उचलला होता. मी चुकलो. कलम घ्या."

गॅलरीत आधी कुजबुज झाली. मग बोलायला लागले ते थांबेनात. चळवळीला परक्यासमोर खाली बघायला लावलं म्हणून शेजारच्या दोन घरांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मीसुद्धा त्या दिवशी त्यांचं ताट जरा जोरातच ठेवलं. त्यांनी मुकाट्यानं जेवून घेतलं आणि त्याच हेडक्लार्कसमोर उभं राहून कलम घालून आणलं. बॉनेटवर आडवं होण्यापेक्षा हे अवघड होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मग साठ सालचा एक मे उजाडला! सकाळपासून लालबागात गुलाल, लेझीम, ढोल. ब्रुनर साहेब आपणहून फियाट घेऊन आला. चंपानं गाडीला हार घातला. आणि आमचे पन्नाशीचे भावोजी, धोतर खोचून, टपावर चढून नाचले. मी खालून ओरडत होते, भावोजी उतरा, पण मीही नाचतच होते. टप खाली बसला तेव्हाच ते थांबले.

साहेब हसत होता, पण भावोजींनी दुसऱ्या दिवशी भरपाईचा अर्ज आणून स्वतःच भरला. इंग्रजीत लिहिला आणि मला मराठीत वाचून दाखवला. नुकसानीचं कारण: महाराष्ट्र मिळाला. दंगल होती का: नाही. नुकसान कुणी केलं: एजंट गंगाधर, टपावर नाचून.

अशा अर्जावर कंपनी एक पैसा देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेबानं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि कंपनीत कधी पाठवलाच नाही. टपावरचा पोचाही त्यानं शेवटपर्यंत काढला नाही.