दोन शिफ्टचा कॉम्प्युटर

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांना एकदा असा व्हायरस लागला, की प्रत्येक फाइलच्या जागी तिचा शॉर्टकट दिसायचा आणि तो उघडला की आत काहीच नसायचं. सगळ्यांनी एकमेकांच्या पेनड्राइव्हला शिव्या घातल्या. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत कुठून तरी दोन माणसं आली आणि सगळ्या मशिनींवर नवी सिस्टीम घालून गेली. ही फुकटची आहे आणि हिला व्हायरस लागत नाही, असं त्यांनी सरांना सांगितलं आणि सरांनी आम्हाला. नववीच्या पहिल्या तासाला आम्ही चपला दाराबाहेर काढून आत गेलो, मशीन चालू केली, तर डाव्या कोपऱ्यातलं ते ओळखीचं बटण गायब. सी ड्राइव्ह गायब, पत्त्यांचा खेळ गायब. कुणाच्या तरी घरी मयतानंतर भेटायला गेल्यावर बसतात तसे आम्ही गप्प बसलो.

"सर, ही सिस्टीम भंगारात द्या," मी म्हणाले.

माझा राग खरा होता. जुन्या सिस्टीममध्ये मी वर्गाची राणी होते. फॉन्ट बदलणं, फोटोची कड कापणं, लपवलेलं फोल्डर शोधणं, सगळं मला यायचं आणि ते येतं हे मी कुणाला विसरूही द्यायचे नाही. आता खिडकी बंद करायची फुली कुठे आहे हेसुद्धा मला शोधावं लागत होतं.

सर मूळचे भूगोलाचे. कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात मारला होता. घरी मोबाइलवर बघून यायचे आणि जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवायचे. "हे मला अजून येत नाही, बघून सांगतो," असं वर्गासमोर म्हणणारे ते मी पाहिलेले पहिले सर. तेव्हा आम्ही हसायचो. आता मी स्वतः एका गोदामाच्या ऑफिसात नव्या मुलींना काम शिकवते आणि ते वाक्य तोंडातून काढायला किती जड जातं ते मला कळतं.

माझ्या शेजारी जी बसायची, ती वडपे गावामागच्या आदिवासी पाड्यावरून चालत यायची. आठवीत तिच्या हाताला माउस क्वचितच लागला होता, कारण तो माझ्या हातात असायचा. नव्या सिस्टीमने आम्हा दोघींना एका ओळीत आणून बसवलं. खरं तर ती माझ्या पुढेच होती. मला जुनं विसरायचं होतं आणि तिला विसरायला काही नव्हतंच. मी रागारागाने डावा कोपरा दाबत बसायचे, आणि ती शांतपणे पडद्यावरचा एकेक शब्द वाचायची, बोट ठेवून, पुस्तक वाचल्यासारखी. मराठी टायपिंग कुठून चालू करायचं ते तिनेच शोधलं. सरांच्याही आधी. त्या दिवशी सगळा वर्ग आमच्या मशीनभोवती जमला होता आणि तिचे कान लाल झाले होते.

नव्या सिस्टीमचा मोठा नियम एकच होता. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. सरांनी सांगितलं, "समजा, ही एक चाळ आहे. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं. आलात की लॉगइन करायचं, काम झालं की लॉगआउट. दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. वेगळी खोली आमच्यात कुणाच्या बापाला होती?

पण मशिनी जुन्या होत्या. नाव घालून पासवर्ड दिला की ते गोल चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं. एका मशीनवर दोघं, अर्धा तास एकीचा, अर्धा दुसरीचा. त्यात दोनदा चक्र फिरवत बसलं तर काम करणार कधी? यावर तोड मी काढली. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. लूमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना मशीन थांबवत नाहीत, कारण थांबवून पुन्हा चालू केली की कापडावर रेघ पडते. दिवसपाळीचा माणूस बाजूला होतो, रातपाळीचा उभा राहतो आणि लूम खडखडत असतो तसाच असतो. मी तिला म्हणाले, "लॉगआउट करू नकोस. तू चालू मशीन सोड, मी चालू मशीनवर बसते."

ती नेहमी आधी पोचायची, म्हणून तिची शिफ्ट पहिली आणि खातंही तिचंच उघडं. त्यात आम्ही दोन फोल्डर केली, एक तिच्या नावाचं, एक माझ्या. महिनाभरात सगळा वर्ग असाच बसायला लागला. निम्म्या घरांत कुणी ना कुणी लूमवर होतं, त्यामुळे कुणाला काही समजवावं लागलं नाही. "लॉगआउट केलं का?" सर विचारायचे, आणि आम्ही एका सुरात "होऽ" म्हणायचो. पासवर्डचं म्हणाल तर तिचा मला पाठ होता. मैत्रिणीपासून पासवर्ड लपवणं म्हणजे फुकटचं भांडण काढणं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पाऊस तोंडावर येईपर्यंत परतत नाहीत, हे मला माहीत होतं. तिचे आईवडील दरवर्षी जायचे. आजवर ती काकीकडे मागे राहायची. या वर्षी काकीही गेली, मग तिला कोण ठेवणार? मला निरोप मिळाला तोही दुसऱ्याच मुलीकडून. मी चिडले. निदान सांगून तरी जायचं!

मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं, की वार्षिक परीक्षेला जे बसणार नाहीत त्यांची नावं पटावरून कमी होतील. बाई रागावून बोलत नव्हत्या, नियम सांगत होत्या. पण पाड्यावरच्या ज्या मुलीचं नाव एकदा कमी झालं ती पुन्हा शाळेच्या दारात उभी राहिलेली आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. त्या मुली पुढे दिसायच्या त्या रस्त्याने डोक्यावर लाकडं घेऊन जाताना, नाहीतर कडेवर मूल घेऊन.

कॉम्प्युटरच्या तासाला मी एकटीच बसले. सवयीने तिचंच नाव घातलं, तिचाच पासवर्ड दिला. माझं सगळं काम तिच्याच खात्यात होतं, माझ्या खात्यात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. सरांनी त्या दिवशी तक्ता करायला शिकवला. मी माझ्या फोल्डरमध्ये तक्ता केला. अर्धा तास झाला तरी शिफ्ट बदलायला शेजारी कुणी नव्हतं. मग मी तिचं फोल्डर उघडलं आणि तिच्या नावाचाही एक तक्ता करून ठेवला. पुढच्या तासाला अर्ज होता, मी दोन अर्ज लिहिले. चित्र होतं, दोन चित्रं काढली, आणि तिच्या चित्रात तिला आवडायचा तो हिरवा रंग भरला. असं मार्चपर्यंत चाललं. तिचं काम पुरं असलं की तिचं नाव कोण कशाला काढेल, असा माझा साधा हिशेब होता.

मग एक दिवस सरांना कळलं की कोण कधी लॉगइन झालं ते या सिस्टीममध्ये बघता येतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तू वर्षभर माझ्या तासाला काय करतेस?"

"का, सर?"

"तू एकदाही लॉगइन झालेली नाहीस. आणि जी दिवाळीपासून शाळेत नाही, ती एकही तास चुकवत नाही."

मी लूमपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. सर इतके हसले की शेजारच्या वर्गातून बाई डोकावल्या. मग त्यांनी दोन्ही फोल्डर उघडून बघितली आणि हळूहळू त्यांचं हसू गेलं. काम दोनदा का केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "ती आहे कुठे?"

मला माहीत नव्हतं. सरांनी पाड्यावर जाऊन चौकशी केली. भट्टी निघाली पार कशेळीच्या पुढे, खाडीच्या काठाला. "तिला सांग, परीक्षेपुरती ये. बाकी मोठ्या बाईंशी मी बोलतो," असं म्हणून त्यांनी मला परीक्षेच्या तारखा पाठ करायला लावल्या.

आमच्याकडे शुक्रवारी लूमला सुट्टी असते. वडिलांनी मित्राची मोटारसायकल मागून आणली आणि शाळा सुटल्यावर मला मागे बसवलं. काल्हेरला गोदामांपुढे कंटेनरांची अशी रांग होती की आम्ही धूळ खात नुसते उभे. मी मनात भांडणाची तयारी करत होते. न सांगता गेलीस म्हणून आधी झापायचं, मग निरोप द्यायचा.

ती चिखलाचे गोळे साच्यात भरत उकिडवी बसली होती. मला बघून उठली, हात फ्रॉकला पुसले, आणि काही बोलायच्या आधी आईकडे बघितलं. सगळं भांडण राहिलंच. मी तारखा घडाघडा म्हणून टाकल्या. वडील तिच्या वडिलांशी जरा बाजूला जाऊन बोलले. ते दोघं तंबाखू मळत खाली बघत बोलत होते आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं.

तिने विचारलं, "माझ्या शिफ्टला कोन बसतं?"

"मीच. दोन्ही शिफ्ट मीच मारते."

ती हसली. "मंग वव्हरटाइम हाय तुला."

परत येताना मी वडिलांना विचारलं, "येईल का ती?"

"तिचा बाप नाही बोलला नाही," वडील म्हणाले. "पण हो पण नाही बोलला."

परीक्षा लागली तशी ती आली. विटांच्या ट्रकमधून तिच्या वडिलांनी तिला हायवेला सोडलं होतं. गणवेशाच्या बाह्या आखूड झाल्या होत्या, केसांना चोपून तेल लावलेलं, आणि नखांत लाल माती तशीच. लेखी पेपर तिने कसेबसे दिले. शेवटच्या दिवशी कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा होती. या वेळी सरांनी ज्याला त्याला आपापल्या खात्यात बसवलं. माझं वर्षभराचं काम ते तिच्या खात्यातून पेनड्राइव्हने मला देणार होते. आम्हाला शेजारशेजारच्या मशिनी मिळाल्या.

तिने पासवर्ड घातला, चक्र फिरलं, खातं उघडलं. मी माझं सोडून तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर ती आता किती खूश होईल याची मी चार महिने वाट बघितली होती. तिने तिच्या नावाचं फोल्डर उघडलं. तक्ता बघितला. अर्ज बघितला, त्याच्याखाली तिचं नाव होतं. हिरवं चित्र बघितलं.

"ह्ये कोनी केला?"

"मी. तुझ्यासाठी."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग दिवाळीआधीच्या तिच्या स्वतःच्या फाइली तिने एका बाजूला घेतल्या आणि मी केलेल्या एकेक करून कचरापेटीत ओढून टाकल्या. घाई न करता. माझ्या फोल्डरला हात लावला नाही. कचरापेटी रिकामी करताना सिस्टीमने विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? तिने तो प्रश्न बोट ठेवून वाचला आणि हो म्हटलं.

"वेडी आहेस का तू?" मी दबक्या आवाजात ओरडले. "सर तेच बघणार आहेत! त्याच्यावर मार्क आहेत!"

"तवा मी भट्टीवर व्हते," ती म्हणाली. "मना जे न्हाय येत त्याच्याखाली माझं नाव नको."

मला इतका राग आला की डोळे भरून आले. एवढं करून हे फळ? तिच्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि तिने ते माझ्यासमोर पुसून टाकलं. तिचा चेहरा मात्र रागाचा नव्हता. तिने माझ्याकडे वळून अगदी आमच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "नवी फाइल कुठनं उघडायची? त्ये इसरले." मी नाक ओढत बोटाने दाखवलं.

स्वतःबद्दल काही ओळी लिहा, अशी परीक्षा होती. ती एकेक अक्षर शोधत होती. साच्यात चिखल दाबून बोटं ताठ झाली होती, एक कळ दाबायला जाऊन दोन दाबल्या जायच्या आणि ती पुन्हा मागे येऊन पुसायची. माझ्या पाच ओळी झाल्या तेव्हा तिची एक झाली होती. सर फिरत आमच्याकडे आले आणि तिच्या मागे उभे राहून वाचू लागले. तिने लिहिलं होतं, की मी वीटभट्टीवर होते आणि आज परीक्षेला आले आहे.

"वर्षाचं काम दाखव," सर म्हणाले.

"दिवाळीपरेंतचं हाय सर. म्होरलं मी केलं न्हाय."

सरांनी फोल्डर बघितलं. मार्चमध्ये त्यात काय होतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी कीबोर्डकडे. मग ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि जेवढं होतं तेवढं, पहिल्या फाइलपासून, सावकाश तपासलं.

तिचं नाव पटावर राहिलं. निकालाच्या दिवशी तिचं प्रगतिपुस्तक मीच घेतलं, कारण ती पुन्हा भट्टीवर गेली होती. शाळेच्या पायरीवर बसून मी ते उघडलं. कॉम्प्युटरला जेमतेम पास होण्याइतके मार्क होते, आणि त्यातला एकही माझा नव्हता.